आंबोलीचा भेक कातळावर कसा पाहावा आणि कसा नोंदवावा

मिरग लागला की सावंतवाडीहून आंबोलीकडे गाड्यांची रांग लागते ती धबधब्यासाठी. त्याच घाटमाथ्यावरचा अंगठ्याच्या पेराएवढा एक भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, मात्र आंबोलीच्या परिसराबाहेर जगात कुठे माहीत नाही, आणि गाडीतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. शास्त्रीय नाव झँथोफ्राइन टायगेरिना. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.

त्याला पाहणं अवघड नाही. अवघड आहे ते त्याला न तुडवता पाहणं. हा भेक अंडी घालतो कातळावरच्या बोट-दोन बोट खोल डबक्यात. विणीचा हंगाम पावसाच्या तोंडाशी, तोही थोडक्या दिवसांचा. नेमक्या त्याच रात्री हौशी माणसं विजेऱ्या घेऊन तिथे पोचतात. म्हणून खालच्या रीतीत भेक कुठे शोधायचा यापेक्षा पाय कुठे ठेवायचा याबद्दल जास्त सांगितलंय. नेमकी डबकी कुठल्या कातळावर, हे मुद्दामच दिलेलं नाही.

आधी ओळख पक्की करा

पूर्ण वाढलेला आंबोली भेक लांबीला तीन सेंटिमीटरच्या आसपास. अंग तपकिरी, खरखरीत. कुशीवर आणि पाठीवर गर्द पिवळे, वेडेवाकडे पट्टे, एकमेकांत मिसळलेले. ही खूण डोळ्यांत बसवायची. पट्टे सर्वांत ठळक दिसतात ते कुशीवर, म्हणून वरून पाहून समाधान मानू नका, बाजूने पाहा. ओल्या कातळाचा रंग आणि भेकाच्या पाठीचा रंग इतका जुळतो की तो हलला नाही तर एका हातावरूनही सुटतो.

गफलत होते ती घराच्या ओटीवर येणाऱ्या नेहमीच्या भेकाशी. मोठा असताना काही प्रश्न नाही. त्याच्या डोळ्यांवर आणि डोक्यावर काळ्या कडा असतात, कानामागे फुगलेल्या ग्रंथी असतात, अंगावरच्या चामखिळींची टोकं काळी असतात, आणि मुळात तो मुठीएवढा असतो. फसवतात त्याची पिल्लं. पाऊस पुढे सरकला की नुकती शेपूट गळालेली ही काळपट पिल्लं शेकड्यांनी फिरतात आणि आकाराने नवख्याला बरोबर आंबोली भेकासारखी वाटतात. कुशीवर पिवळा नाही म्हणजे आंबोली भेक नाही असं धरून चालावं. शंका राहिली तर वहीत 'भेक, जात अनिश्चित' लिहावं. अशी नोंद चुकीच्या नोंदीपेक्षा लाखपट बरी.

अंड्यांवरूनही अंदाज येतो. नेहमीचा भेक हजारो अंडी चिकट दोरीसारख्या लांबच लांब माळेत घालतो. आंबोली भेकाची अंडी डझनांच्या हिशोबात मोजावी इतकी थोडी असतात. डबक्यात हातभर काळ्या मण्यांची माळ पसरलेली दिसली तर ती बहुधा याची नव्हे.

चिपळूणकरांसाठी थोडं वेगळं. कुंभार्ली घाट चढून कोयनेला गेलात तर तिथे याचा सख्खा भाऊ आहे, कोयना भेक. त्याचं वर्णन १९६३ साली सोमण यांनी केलं, हुंबरळीच्या परिसरातून. त्याच्या अंगावरही पिवळा असतो, पण आंबोलीवाल्यासारखे एकमेकांत गुंतलेले पट्टे नसतात, तुटक ठिपके नि डाग असतात. दोघांची कातळाची आवड सारखीच, त्यामुळे पुढची सगळी रीत कोयनेलाही लागू.

वेळ साधणं

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि वर्षाला साधारण ७,००० मिलिमीटर पाऊस झेलते. भेकाच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा पाऊस सुरुवातीचा. वळवाच्या सरी आणि मग मिरगाचा पहिला सलग पाऊस पडून कातळावरच्या खळग्यांत पाणी साचलं की नर बाहेर येतात, ओरडतात, जोड्या लागतात. हे सगळं जूनच्या आसपास, काही दिवसांत उरकतं. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी धबधब्यावर भिजून झाल्यावर जाता जाता भेक बघू, असा बेत करणाऱ्याला बहुधा बेडूकमासे बघून परतावं लागतं.

म्हणून कॅलेंडरवर तारीख धरून आरक्षण करू नका. आंबोलीत किंवा चौकुळला ओळखीचं घर असेल तर तिथे फोन करून एवढंच विचारा: कातळावर पाणी साचलंय का? रस्ता ओला झाला म्हणजे खळगे भरले असं नसतं. तापलेला जांभा, म्हणजे इथला लाल सच्छिद्र दगड, पहिली सर पिऊन टाकतो. सलग पावसाचे दोन दिवस गेल्यावर रात्री साडेसात ते दहा ही वेळ चांगली. धो-धो पावसात मात्र जाऊ नये. थेंबांच्या माऱ्याने डबक्यातलं काही दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही आणि पायाखालचं कळत नाही. सर ओसरून भुरभुर लागलेली असेल तेव्हा निघा.

कोणाला विचारायचं

सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, मोकळा दिसतो म्हणून बिनमालकीचा नसतो. आंबोली, गेळे आणि चौकुळ इथे कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनींच्या मालकीचा जुना वाद, किती नाजूक आहे हे सिंधुदुर्गात कोणाला नव्याने सांगायला नको. रात्री अनोळखी माणसं विजेऱ्या आणि टेप घेऊन सड्यावर मोजमाप करताना दिसली तर गावाला वेगळाच वास येणार, आणि त्यात गावाचं काही चुकत नाही. दिवसाउजेडी गावात जाऊन सांगा: "काका, रात्री सड्यार बेडूक बघूक जातंव, चार माणसां आसंव, दहापर्यंत परत येतलंव." बहुतेक वेळा पुढून नुसती परवानगी मिळत नाही, वाट कुठून बरी तेही कळतं.

वनखात्याच्या राखीव जंगलात शिरायचं असेल तर आंबोलीच्या वनक्षेत्र कार्यालयाची परवानगी आधी काढा. भेक हातात धरणं, मोजपट्टीवर ठेवणं, अंडी किंवा बेडूकमासे उचलणं ही कामं परवानगीधारक संशोधकांची. या लेखातल्या कुठल्याही कामासाठी भेकाला हात लावावा लागत नाही.

बूट धुणं: सर्वांत कंटाळवाणं, पण सोडू नका

बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी जगभरातल्या कित्येक जातींच्या मुळावर आली आहे. उत्तर सह्याद्रीतल्या प्रदेशनिष्ठ (फक्त त्याच भागात सापडणाऱ्या) बेडकांच्या अंगावरही ती आढळल्याचं २०१३ साली प्रसिद्ध झालं. तिचे पोहणारे बीजाणू ओल्या चिखलातून, बुटाच्या तळाच्या खाचांतून एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर सहज जातात. मालवणच्या शेतातला चिखल बुटाला घेऊन थेट आंबोलीच्या कातळावर उतरणं म्हणजे आजार पोचता करणं.

ही बुरशी पूर्ण कोरडी पडली की मरते. म्हणून पुस्तकांत सोपा सल्ला असतो की सामान उन्हात वाळवा. कोकणात जूनमध्ये कपडे चार दिवस दोरीवर राहून ओलसर राहतात, तिथे बुटाचं अस्तर काय वाळणार? तेव्हा वाळवण्यावर विसंबू नका. दोन उपाय खात्रीचे आहेत.

पहिला गरम पाण्याचा. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवलं की काम होतं. बंबातलं पाणी हाताला चटका देणारं असलं तरी थर्मामीटरने बघून घ्या, आणि सामान बुडवल्यावर पाणी निवतं हे धरून थोडं जास्त तापवा. कापडी मोजे, पिशव्या, टेप यांना हे चांगलं. चिकटवलेल्या तळाच्या बुटांना नाही, तळ सुटतो.

दुसरा सोडियम हायपोक्लोराइटचा. बाजारात मिळणारं द्रावण साधारण ४ ते ६ टक्क्यांचं असतं. त्याचा एक भाग आणि पाणी नऊ भाग, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला एक लिटर. त्यात बूट, पट्टी, काठीचं टोक पंधरा मिनिटं ठेवा. त्याआधी ब्रशने चिखल पूर्ण काढायलाच हवा, कारण चिखलातली माती आणि पालापाचोळा क्लोरीन खाऊन टाकतो आणि उरलेलं पाणी नुसतं वासाला राहतं. सगळ्यांची चूक होते ती इथेच. द्रावण रोज ताजं करा. संडास धुण्याच्या आम्लात ते चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. नंतर साध्या पाण्याने खळखळून धुवा, आणि हे सगळं मुक्कामाच्या जागी, सांडपाण्याच्या मोरीवर करा. वहाळाच्या काठावर किंवा सड्यावर ब्लीच सांडलं तर बुरशीच्या आधी बेडूकच मरतील.

दोन वेगळ्या सड्यांवर एकाच रात्री जायचं असेल तर दुसरा धुतलेला जोड गाडीत ठेवा. तेवढं जमत नसेल तर एकच सडा करा.

बरोबर काय घ्यायचं

कपाळावरची विजेरी सर्वांत आधी. दोनशे-तीनशे ल्युमेन पुरे. हजार ल्युमेनचा सर्चलाइट धुक्यात समोर पांढरी भिंत उभी करतो. कपाळावरची विजेरी हवी कारण उजेड डोळ्यांच्या रेषेत असला की भेकाच्या डोळ्यांची चमक परत आपल्याच डोळ्यांकडे येते. मांडीजवळ धरलेल्या विजेरीने ती दिसत नाही. अर्थात एवढ्याशा जिवाच्या डोळ्यांची चमक ती केवढी, त्यामुळे हालचालीवरही नजर हवी. लाल दिवा असलेली विजेरी मिळाली तर जोड्या पाहताना कामाला येते.

पायात खाचांचे, मऊ तळाचे बूट. शेतातले गमबूट पाणी अडवतात, पण शेवाळलेल्या बुळबुळीत कातळावर घसरतात, आणि घसरणारा माणूस पाय कुठे पडतोय ते निवडू शकत नाही. रेनकोटपेक्षा इरलं छान वाटेल, पण वाकून बघताना त्याची कड पाण्यात बुडते. साधा कोट घाला.

जळवांसाठी लोक पायाला तंबाखूचं पाणी, मीठ, डेटॉल, मच्छरांचं मलम असं काय काय फासतात. घाटातल्या जंगलात चालताना फासा हवं तर. कातळावर यातलं काहीही नको. दोन सेंटिमीटर खोल डबक्यात मिठाचा किंवा तंबाखूचा बूट बुडला तर पाणी बदलायला तिथे वाहतं काही नाही, आणि बेडकांची कातडी पाण्याबरोबर त्यात विरघळलेलं बरंच काही शोषून घेते. गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे जळूमोजे घाला, बूट त्यावर. बस.

बाकी पेन्सिल (पेनाची शाई ओल्या कागदावर पसरते), प्लास्टिकच्या पिशवीत वही, पंधरा सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, पन्नास मीटरचा फायबरचा टेप, पाण्याचा थर्मामीटर, एक छत्री. छत्री डोक्यावर धरायला नाही, तिचं काम पुढे येईल.

कातळावर चालणं आणि मोजणं

सड्यावर दुपारी एकदा जाऊन या. टेप त्याच वेळी टाकून पन्नास मीटरची सरळ रेघ ठरवा. रेघ डबक्यांमधून नेऊ नका, डबक्यांच्या कडेने न्या. सुरुवात आणि शेवट इथल्या करवंदीला किंवा झुडपाला सुतळीची गाठ पुरे. कातळावर ऑइलपेंटचे बाण काढू नका. मोबाइलच्या जीपीएसने दोन्ही टोकं नोंदवा, पण बटण लगेच दाबू नका. उघड्यावर दोन मिनिटं थांबलात तर चूक पाच मीटरच्या आत येते, घाईत पंधरा-वीस मीटरची राहते आणि पुढच्या वर्षी दुसरीच रेघ चालली जाते.

दगड उलटायचे नाहीत. भेक दिवसा सुट्या दगडांखाली, कपारीत बसतो, म्हणून दगड उचलून पाहण्याचा मोह होतो. दगड परत ठेवला म्हणजे झालं असं वाटतं, पण तो पहिल्यासारखा बसत नाही. कड वर राहते, फट मोठी होते, आतली ओल जाते, आणि ठेवतानाच खालचा जीव चिरडण्याची शक्यता वेगळीच. त्याच दगडांखाली विंचू, पाली, देवगांडुळंही असतात. पर्यटक कातळावर दगडांच्या लगोऱ्या रचतात त्या तर कोणाच्या तरी घराची छपरंच असतात.

रात्री तीन माणसं, एकामागे एक, एकाच रेघेत. पसरून चालण्याची सवय शोधमोहिमेत ठीक, इथे नाही. सहा पाय एकाच वाटेवर पडले तर तुडवलेली जागा एका माणसाएवढी राहते. पहिला माणूस पाय उचलण्याआधी पुढचं पाऊल पडणार ती जागा उजेडात पाहतो, मग पाय टाकतो, मग दोन्ही बाजूंना एकेक मीटर नजर फिरवतो. दुसरा त्याच्या पावलावर पाऊल ठेवत त्याच पट्ट्यात सुटलेलं शोधतो. तिसरा लिहितो आणि घड्याळ सांभाळतो. वेग मिनिटाला दोन मीटर, म्हणजे पन्नास मीटरला पंचवीस मिनिटं. पहिल्या दहा मिनिटांत हा वेग असह्य वाटतो. वाटू द्या. दुप्पट वेगाने गेलात तर दिसतात ते फक्त उडी मारणारे.

डबक्यात पाय नाही म्हणजे नाही, पाणी कितीही नितळ आणि रिकामं दिसलं तरी. पाण्यातून जायचा प्रसंग आला तर वळसा घ्या, वळसा नसेल तर रेघ तिथेच संपवा आणि वहीत तेवढी लांबी लिहा. कातळाच्या कडेला पाणी पाझरून भिंत ओली राहिलेली असते, तिथेही हात टेकू नका. २०१४ साली आंबोलीतूनच वर्णन झालेल्या इंडिराना चिरावासी या बेडकाचे बेडूकमासे पाण्यात नाही, अशा पाझरत्या कातळाला चिकटून वाढतात. आधारासाठी टेकलेला तळवा चार-दोन सहज चिरडतो.

भेक दिसला की थांबा. लिहायचं ते एवढंच: रेघेवर किती मीटरला, डावीकडे की उजवीकडे, कातळावर की पाण्यात की गवतात, एकटा की जोडी, ओरडत होता का. मादीच्या पाठीवर नर घट्ट बसलेला असेल तर दोन मोजा आणि जोडी म्हणून वेगळं लिहा. जोडीवर पांढरा उजेड मिनिटभरापेक्षा जास्त धरू नका. मोजणी जाताना एकदाच. परत त्याच वाटेने या, पण येताना दिसलेले मोजू नका, नाहीतर एकाचे दोन होतात.

मोबाइलवर आवाज वाजवून नरांना बोलावण्याचा प्रकार पक्षिनिरीक्षकांकडून बेडूकवाल्यांत आला आहे. विणीचे दिवस मोजके असताना नर खोट्या आवाजाशी भांडत बसला तर त्याची रात्र वाया जाते. आपली मोजणीही बिघडते, कारण आलेले नर त्या पन्नास मीटरमधले की बाहेरचे हे कळत नाही.

हिशोब सोपा. पन्नास मीटर लांब, दोन मीटर रुंद, म्हणजे शंभर चौरस मीटर. शोधणारी माणसं दोन, वेळ पंचवीस मिनिटं, म्हणजे पन्नास माणूस-मिनिटं. लिहिणारा त्यात धरायचा नाही. समजा पाच भेक दिसले, तर माणूस-तासाला सहा. हा आकडा असला तरच यंदाची रात्र पुढच्या वर्षीच्या रात्रीशी ताडून बघता येते. 'खूप भेक दिसले' याला काही अर्थ नाही. आणि काहीच दिसलं नाही तर शून्य लिहून वेळ, पाऊस, माणसं सगळं तितकंच नीट भरा. शून्याच्या रात्री लोक वहीत लिहीत नाहीत, मग पुढे वाचणाऱ्याला वाटतं की आंबोलीत गेलं की भेक दिसतोच.

डबकं मोजताना

लांबी, रुंदी, जास्तीत जास्त खोली, पाण्याचं तापमान. खोलीत चूक होते ती पट्टीमुळे. शाळेच्या प्लास्टिकच्या पट्टीत शून्याच्या आधी तीन-चार मिलिमीटर कोरी जागा असते. नदीत त्याने काही बिघडत नाही, पण वीस मिलिमीटर खोल डबक्यात चार मिलिमीटर म्हणजे पाचवा हिस्सा गेला. शून्य अगदी टोकाला असलेली स्टीलची पट्टी म्हणूनच घ्यायची. ती अंडी नसलेल्या जागी, कडेवर बसून, हलकेच उभी धरा. तळाचा गाळ ढवळला तर तो अंड्यांवर बसतो.

बेडूकमासे मोजायला दिवसा जा. डबक्यावर आकाशाचा पांढरा उजेड चमकत असतो, आत काही दिसत नाही. इथे छत्री. बाजूने आडवी धरून डबक्यावर सावली केली की तळ स्वच्छ दिसतो. बरोबर वरून दोन फोटो काढा आणि मोजणी घरी फोटोवर करा. जाग्यावर बोट फिरवत मोजलेला आकडा दर वेळी वेगळा येतो.

एकाच डबक्यावर रोज एकाच वेळी गेलात तर उघडीप पडल्यावर काय होतं ते दिसेल. तीन-चार दिवस ऊन पडलं की उथळ डबकी तापतात आणि आटतात. आतले बेडूकमासे एका ओल्या डागात गोळा होतात. अशा वेळी बाटलीतलं पाणी ओतावं किंवा त्यांना उचलून मोठ्या डबक्यात सोडावं असं कोणालाही वाटेल. दोन्ही नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, मोठ्या डबक्यात त्यांना खाणारे पाणकिडे असतात, आणि एका डबक्याचा आजार दुसऱ्यात जातो. 'आटलं' असं तारखेसह लिहा. किती डबकी पिल्लं बाहेर पडायच्या आत आटली, ही माहिती मोलाची आहे.

पावसाचा आकडा आंबोलीचा सरकारी असतो, पण तुमच्या सड्यावरचा वेगळा असू शकतो. दोन लिटरची शीतपेयाची बाटली घ्या, गळ्याखाली जिथे सरळ भाग सुरू होतो तिथे कापा, वरचा तुकडा उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळ उंचसखल असतो म्हणून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा, तिथे शून्याची रेघ. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. उंची मिलिमीटरमध्ये तोच पाऊस मिलिमीटरमध्ये. दगडांच्या आधाराने उभी करा, पण ते दगड सड्यावरचे नकोत, मुक्कामाच्या अंगणातले घ्या आणि बाटलीही अंगणातच ठेवा. हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठला वाचा. आंबोलीच्या जोराच्या पावसात ही बाटली दीडशे मिलिमीटरच्या आसपास भरून वाहते, म्हणून संध्याकाळीही एकदा रिकामी करून दोन्ही आकड्यांची बेरीज करा.

फोटो

एक वरून, एक कुशीचा, जमलं तर एक समोरून. तीन पुरे. मोबाइलने दहा-पंधरा सेंटिमीटरवरून, विजेरी बाजूने तिरकी धरून. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये ओली कातडी चकाकते आणि ओळखीची खूण असलेला पिवळाच पांढरा होऊन जातो. एक्स्पोजर एक पायरी खाली आणा. आकार दाखवायला शेजारी पट्टी ठेवा, भेकापासून चार बोटं दूर. नाणं नको, एकाच किमतीची नाणी वेगवेगळ्या आकारांची चलनात आहेत.

गाडीतल्या एसीतून काढलेला कॅमेरा आंबोलीच्या धुक्यात तात्काळ धुरकटतो. काच पुसत बसू नका, आतही दव धरलेलं असतं. झिपच्या पिशवीत घालून वीस मिनिटं बाहेरच्या हवेत ठेवा, मग काढा.

भेकाला उचलून शेवाळाच्या हिरव्या गादीवर ठेवून काढलेले फोटो पाहणाऱ्याला लगेच कळतात, हा भेक शेवाळावर असा ऐटीत बसत नाही. भेक फोटोसाठी सरकला, तर त्याच्या मागे जायचं नाही.

रस्ता, साप

पहिल्या पावसाच्या रात्री घाटमाथ्याच्या रस्त्यावर बेडूक, भेक, खेकडे, साप सगळेच उतरतात. गाडी वीसच्या वेगाने, पुढे एक जण नजर ठेवून. गाडी डांबरावरच्या मोकळ्या जागेत लावा. सड्यावर चार चाकं चढवली की सुटे दगड आणि त्याखालचं सगळं एकदम दबतं. चिरडलेला भेक दिसला तर मागचीपुढची वाहनं बघून पट्टीसह फोटो, ठिकाण, वेळ नोंदवा. उचलून आणू नका.

फुरसं कोकणातल्या सड्यांवर असतंच. त्याचा रंग जांभ्याचाच. चापडा आंबोलीत झुडपांवर आणि रस्त्याकडेला सहज दिसतो. नेहमीची सर्पविषप्रतिबंधक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यासाठी बनते, चापड्यासाठी नाही. तरी दंश कुठलाही असो, अंगठ्या-कडी काढा, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि थेट सावंतवाडीचं रुग्णालय गाठा. घाट धुक्यात असतो, दरड पडलेली असू शकते, म्हणून निघतानाच गाडीचं तोंड उतरणीच्या दिशेने करून ठेवावं.

नोंद कुठे द्यायची

वहीतलं त्याच रात्री किंवा सकाळी दुसरीकडे उतरवा, ओल्या कागदावरची पेन्सिल घासून जाते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकली तर संकटग्रस्त जातींचं ठिकाण तिथे आपोआप धूसर होतं, नकाशावर सुमारे वीस-बावीस किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी दिसतं. तरीही 'ठिकाण धूसर' हा पर्याय स्वतः तपासा. खरी गळती होते ती व्हॉट्सॅपवर आणि इन्स्टाग्रामवर. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की त्यातले जीपीएसचे आकडे तसेच जातात. मागे ओळखीचा धबधबा किंवा मंदिर दिसत असेल तर आकड्यांचीही गरज नाही. ठिकाण काढून टाकून मगच फोटो पुढे पाठवा, आणि समूहात कोणी 'नेमकं कुठे?' विचारलं तर 'आंबोली' एवढंच सांगा.

आंबोलीपासून लांबच्या एखाद्या सड्यावर असाच पिवळ्या पट्ट्यांचा भेक दिसला, तर गाजावाजा न करता वरचे तीन फोटो, डबक्याची मापं आणि जीपीएस घेऊन वनखात्याला आणि झेडएसआयच्या (भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या) पुण्यातल्या केंद्राला कळवा. एक जिवंत भेक पुरावा म्हणून डब्यात घालून नेण्याची काही गरज नाही, तो गुन्हाही ठरू शकतो. आणि त्या सड्यावर चिऱ्यांची खाण किंवा प्लॉट पाडण्याचं काम सुरू असेल तर फोटोत तेही येऊ द्या, तारीख दिसेल असं.